संमतिपत्र की खरेदीखत

दृश्य मानवशास्त्र म्हणजे कॅमेरा घेऊन माणसांचं जगणं अभ्यासायचं शास्त्र. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत हे समजावून सांगता सांगता माझे निम्मे केस गेले. शेजारचे काका शेवटपर्यंत म्हणत राहिले, "म्हणजे लग्नाची शूटिंगच की. तेवढ्यासाठी डॉक्टरेट कशाला केली?"

तर या विषयाचा अभ्यासक्रम आमच्या विद्यापीठात सुरू करायचा मी विडा उचलला होता. युरोपातल्या एका विद्यापीठाशी बोलणी चालू होती. त्यांच्याकडं सूर्य अर्धं वर्ष सुट्टीवर असतो. ते देणार शिक्षक, कॅमेरे आणि प्रमाणपत्रावर त्यांचा शिक्का. आम्ही देणार विद्यार्थी, ऊन आणि मी. करार व्हायचा बाकी होता, पण दहा विद्यार्थी मी आधीच गोळा करून ठेवले होते. त्यांतल्या एका मुलीनं तर वाळूजच्या कंपनीतली चांगली नोकरी माझ्या भरवशावर सोडली होती. करार झाला नाही तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर त्या पोरीला तोंड दाखवायला मला मराठवाड्यात जागा नाही, असा मामला होता.

परदेशी समितीची अट साधी होती. विद्यार्थ्यांनी एक छोटी फिल्म करून दाखवायची, आणि फिल्ममध्ये जो जो दिसेल त्याची संमती घ्यायची. सोबत संमतीची नियमावली आणि एक नमुना पाठवला होता. नियमावली एवढी जाड, की पोस्टमन ती दोन खेपांत आणेल. मी पहिली चार पानं वाचली आणि बाकीची वाचल्यासारखी मान हलवली.

नमुन्याचा मराठी अनुवाद मीच करणार होतो. पण आंतरराष्ट्रीय काम, कच्चं राहायला नको, म्हणून कोर्टासमोर टेबल टाकून बसणाऱ्या एका दस्तलेखकाकडं गेलो. त्यानं नमुना उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "सर, मजबूत करून देतो. सुप्रीम कोर्टात नेलं तरी हलणार नाय."

आणि खरंच मजबूत करून दिलं! 'लिहून घेणार: विद्यापीठ. लिहून देणार: खाली सही करणार. कारणे संमतिपत्र लिहून देतो ऐसाजे, मी माझे राजीखुशीने, कोणतीही नशापाणी न करता, माझे चेहऱ्यावरील व आवाजावरील हक्क...' खाली चतुःसीमा. फिल्मच्या चौकटीच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय, सगळं भरायला रेघा आखलेल्या. वाचून माझे डोळे भरून आले. म्हटलं, हे बघून ती समिती उभी राहून टाळ्या वाजवेल.

फिल्मसाठी विद्यार्थ्यांनी कन्नडकडच्या एका गावातली पिठाची गिरणी निवडली होती. गिरणी चालवणारी बाई पन्नाशीची. आवाज असा, की गिरणी चालू असताना ती बोलली तर गिरणीच ऐकू येत नसे. पोरं तिला मावशी म्हणायची. मावशीनं आम्हाला चहा दिला, मग पोहे दिले, मग परत चहा दिला. मग मी बॅगेतून ते कागद काढले.

तिनं चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. हात मागं करून गिरणीचं बटण बंद केलं.

"सर, हे खरेदीखत हाय."

"नाही हो मावशी, संमतिपत्र आहे."

"मला नका शिकवू. दिरासंगं जमिनीची केस लढून माझी हयात गेली. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा. निस्ता गट नंबर टाकायचा राह्यलाय!"

पुढच्या पंधरा मिनिटांत गावभर खबर गेली, की विद्यापीठ गिरणी विकत घ्यायला आलंय. अर्ध्या तासात ती खबर पाराला वळसा घालून परत आली तेव्हा विद्यापीठ अख्खं गाव घेणार होतं. रांगेतली गिऱ्हाईकं डबे उचलून घरी गेली. एक गृहस्थ मात्र उलट दिशेनं आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, माझा बरड तुकडा हाय, बघता का?"

मावशीचा राग आमच्यावर नव्हता, कागदावर होता. "शूटिंग करा, जेवा, आठ दिस राहा, माझ्या पोरांसारखी पोरं हायेत. पन सही? नाय म्हंजी नाय."

माझा चेहरा पडला. तेव्हा वाळूजची नोकरी सोडलेली ती मुलगी पुढं झाली. "मावशी, सही राहू द्या. तोंडी सांगाल का? कॅमेऱ्यापुढं?"

"तोंडी व्हय? तोंडी कितीबी सांगते."

मावशी आत गेली, केस विंचरून, लुगडं बदलून आली आणि पोत्यावर अशी बसली, की जणू तिचा शपथविधी आहे. "मी गिरणीवाली. माझ्या मर्जीनं सांगते, शूटिंग करा. माझ्या दिराचं घर मागं दिसाया नको. पिक्चर आधी मला दाखवायचा, मग त्या गोऱ्यांना. अन् मी काढ म्हनलं ते काढायचं. झालं?" तिच्या मागं, डबे घेऊन परत आलेल्या गिऱ्हाईकांचीही रांग लागली. ज्यांचं दळण नव्हतं तीही माणसं संमती द्यायला आली.

युरोपातल्या त्या विद्यापीठाकडून आमचं काम बघणाऱ्या प्राध्यापक बाईंना मी घाबरत फोन लावला. त्या म्हणाल्या, "छान. कागदावर विश्वास नसेल तिथं तोंडी संमती चालते. नियमावलीच्या शेवटी लिहिलंय. वाचलं नाही का?"

"वाचलं होतं," मी म्हणालो. "पण विद्यार्थ्यांनी ते आपलं आपण शोधावं अशी माझी पद्धत आहे."

फिल्म झाली, आणि ती चांगली झाली, हे मी वाढवून सांगत नाही. त्यात एक दृश्य होतं. एक म्हातारी दळण न्यायला येते. मावशी तिचा डबा भरते, इकडंतिकडं बघते आणि आपल्या पिठातल्या चार ओंजळी त्यात टाकते. म्हातारी बघत नाही. बघत नाही म्हणजे, बघून न बघितल्यासारखं करते. मी ते सतरा वेळा पाहिलं. हे एक दृश्य समितीनं पाहिलं, की करार आपल्या खिशात, याची मला खात्री होती.

ठरल्याप्रमाणं आधी मावशीला दाखवलं, गिरणीतच, लॅपटॉपवर. ती खुसूखुसू हसत होती. ते दृश्य आलं आणि तिचं हसू थांबलं.

"हे काढ, पोरी."

मी मध्ये पडलो. "मावशी, अहो हेच तर सगळ्यात भारी आहे! आणि आजींनी पण होय म्हटलंय ना कॅमेऱ्यापुढं."

"तिला काय म्हाईत, तुम्ही काय टिपलं? गावात मान हाय तिला. हे कुनी बघितलं तर उद्यापासून ती दुसऱ्या गावाला चालत जाईल दळाया. पायानं अधू हाय ती."

मी मुलीकडं पाहिलं. समितीची बैठक दुसऱ्या दिवशी होती. करार हुकला तर सगळ्यात जास्त जाणार तिचंच होतं. "एक कॉपी त्यांना वेगळी पाठवू," मी हळूच म्हणालो. "गावात कोण बघतंय?"

"सर," ती म्हणाली, "मावशींनी काढ म्हटलं तर काढू, असं आपण बोललोय." आणि तिथंच पोत्यावर बसून तिनं ते दृश्य कापलं. त्याच्या जागी तेवढ्याच वेळाचा काळा पडदा ठेवला. मागं गिरणीचा आवाज नुसता.

समितीत पाच जण होते, लॅपटॉपवरच्या पाच चौकटींत. काळा पडदा आला तसे सगळे पुढं वाकले. नेट गेलं असं त्यांना वाटलं असणार. फिल्म संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "तिथं काय होतं?"

मुलीचं इंग्रजी बेताचंच, पण वाक्य सरळ होतं. "आम्हाला माहीत आहे. तुम्हाला सांगता येणार नाही. त्यांनी नको म्हटलं."

ते ऐकून माझ्या उरल्या केसांपैकी आणखी काही गेले. अध्यक्षांनी शेजारच्या चौकटीकडं पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. करार तीन आठवड्यांनी आला. जूनमध्ये वर्ग भरला.

पुढच्या उन्हाळ्यात प्राध्यापक बाई संभाजीनगरला आल्या. जेवताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आता तरी सांगा. त्या काळ्या पडद्यामागं काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "लाइट गेली होती."

त्यांना ते पटलं. तुम्हाला म्हणून वर सांगितलं, पण गाव, गिरणी, म्हातारी आणि ओंजळीत काय होतं, सगळं बदलून सांगितलंय. शोधायला जाऊ नका.