कूलरचं तोंड
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की अकोल्यातल्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानातली ती दुपार आठवते. काम वेगानं व्हावं म्हणून धाकट्या दिरानं कम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग आणि त्यासाठी त्याचं व्होल्टेज वाढवलं होतं, आणि मशीन तापून भर दुपारी बंद पडू लागलं होतं. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकं परत जात होती, तेव्हा मी सरळ सांगितलं, "भाऊजी, उद्यापासून दुकानात येऊ नका." तो उखडला, "वयनी, व्होल्टेज मी कवाचंच उतरवलं. खोटं कावून बोलू?" माझा विश्वास बसेना; मग मशीन तापतं कशानं, ते बघायला मी सीपीयूचं झाकण उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम फिरेल इतका पांढरा थर त्यात बसला होता. जिभेला लावला तर खारट, थेट आमच्या बोअरच्या पाण्यासारखा. कूलरमध्ये तेच पाणी असायचं, पण मी कूलरचं तोंड तर रोज गिऱ्हाइकांकडे ठेवायचे. वळून पाहिलं, तर रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन येणाऱ्या सासूबाई कूलर हळूच कम्प्युटरकडे फिरवत होत्या. म्हणाल्या, "त्याले वारा लागू दे न माय, लय तापून राहिलं थे!" दिराला मी दुकानात ठेवून घेतलं. व्होल्टेजचा आकडा मात्र आजही रोज सकाळी मीच तपासते.