लेंडीखत आणि स्ट्रॉबेरी

दुष्काळी जत तालुक्यात स्ट्रॉबेरी! गावातली माणसं हसली, त्यात त्यांचं काय चुकलं? पण संयोगिता वाईकडची, कृष्णाकाठची, स्ट्रॉबेरीच्याच मुलखातली पोर. सासरी आली तेव्हा नवरा फौजेत, मग तिनं सासूकडंच हट्ट धरला. भामाबाईनं गुंठाभर रान दिलं, पण बजावलं, "ह्या सालात फळ दिसलं न्हाई, तर फुडं तितं शाळूच."

पोरीनं माहेराहून रोपं आणली, उन्हाला आडोसा म्हणून वर जाळी बांधली. बोअरचं पाणी खारं, स्ट्रॉबेरीला ते सोसत नाही. म्हणून शेततळ्यातलं पावसाचं पाणी तिनं जपून जपून पाजलं. पांढरी फुलं आली, आणि नेमकं तेव्हाच तळं आटलं.

अशातच संयोगिताला चार दिवस माहेरच्या लग्नाला जावं लागलं. भामाबाईला वाटलं, सून एवढी राबतेय, आपणही हातभार लावावा. धुळा धनगराच्या मेंढवाड्यातून तिनं ताज्या लेंड्यांच्या पाट्या आणल्या, रोपांच्या बुडाशी ओंजळ ओंजळ घातल्या, आणि भिजाव्यात म्हणून वर बोअरचं पाणी सोडलं. शाळूला मेंढराचं खत म्हणजे सोनं, नि बोअरचं पाणीही चालतं! बिचारीनं जन्मभर तेच पाहिलेलं. करायला गेली गणपती नि झाला मारुती.

संयोगिता परतली तर पानांच्या कडा करपलेल्या. तिनं रोपाच्या बुडाशी हात घालून बघितलं.

"आत्या, काय घातलंय ह्यात?"

भामाबाईनं सांगितलं.

"आत्या, ताजी लेंडी लय गरम आसती वो! त्यात खारं पाणी! आताच्या आता गोड्या पाण्यानं मुळं धुतली, तर कायतरी वाचंल."

गोडं पाणी घरामागच्या हौदात होतं, तेवढंच. पुढचा टँकर कधी येईल, देव जाणे. प्यायचं पाणी संयोगितानं मागायचं कुठल्या तोंडानं? भामाबाईच हौदाकडं गेली. तिनं पदर खोचला आणि बादली बुडवली.

लेंडी बाजूला ओढत दोघी धावून धावून पाणी घालत होत्या. हौदाचा तळ दिसला तशी संयोगिता घाबरली. "आत्या, बास! आपल्याला प्यायला?"

"आपल्याला कुणीबी तांब्याभर दील. ह्यास्नी कोण दील गं?"

निम्मी रोपं तरीही गेलीच. उरलेल्यांना पुढच्या टँकरच्या पाण्यावर फळ धरलं. पहिलं लालभडक फळ संयोगितानं सासूच्या तळहातावर ठेवलं, तर भामाबाईला ते तोंडात घालवेना. "मी जाळल्याल्या रोपाचं हाय गं हे," एवढंच म्हणाली, आणि फळ तसंच मुठीत धरून बांधावर बसून रडली.