तंबोऱ्याची दांडी

इंटर सायन्सला पहिला वर्ग मिळाला तर तंबोरा घेऊन देईन, असे वडिलांनी कबूल केले होते. मला तो मिळाला. भोपळा मिरजेहून आला. दांडी मात्र बिरवाडीच्या सुताराकडून करून घ्यायची ठरली, आणि तिचे लाकूड निवडण्याचे काम मी मागून घेतले.

सुताराच्या पडवीत फणस, साग आणि शिवण असे तीन ओंडके होते. फणसाचा रंग देखणा, पण तो नुकताच कापलेला. सागाच्या रेषा मध्येच वळलेल्या. शिवण माळ्यावर कित्येक वर्षे पडून सुकलेली होती आणि तिच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जात होत्या. तारा दांडीला अहोरात्र ओढत असतात. ओले लाकूड सुकताना आकसते, तेही सगळीकडे सारखे नाही. त्यात ही ओढ पडली की ते वाकणारच. मी शिवण निवडली. लांबी जास्त होती, म्हणून सुताराने तिचा एक तुकडा कापून बाजूला ठेवला. मी मामांकडे पोलादपूरला गेले.

परतले तेव्हा दांडी कोरून तयार होती. सुतार माझ्याकडे बघेना.

"थोरलं मालक आलेलं," तो म्हणाला. थोरले मालक म्हणजे माझे थोरले काका. "लाकूड सवला घेऊन गेलं."

"सवला कशाला?"

"तिथल्या ऊन पान्याच्या कुंडात बुडवाया. तंबोरा देवापुढं वाजायचा, मंग लाकूड शुद्ध नको? दिसभर पान्यात व्हतं."

"आणि तुम्ही ते तसंच ओलं कोरलंत?"

"मी काय बोलनार, बाय? तुमच्या घरात तरी त्यांना कोन बोलतं?"

त्याच्यावर मी रागावले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. लाकडावर जन्म काढलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत होते. तो गप्प बसला, कारण गप्प बसणे सोयीचे होते.

तारा चढल्या आणि व्हायचे तेच झाले. एक तार ताणावी तर दांडी किंचित झुके आणि बाकीच्या तारा उतरत. मधल्या दोन तारांची जोड लागेपर्यंत पंचमाची तार उतरलेली असे. महिन्याभरात दांडीचा बाक नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. गुरुवारच्या भजनाला आलेल्या मंडळींसमोर काकांनी निदान केले.

"लाकडात दोष नाही. हिनंच कधीतरी नको त्या दिवसांत हात लावला असेल. काय गो, खरं ना?"

ओसरीवरचे पुरुष जमिनीकडे पाहू लागले. मी आत गेले आणि सुताराकडून आणून ठेवलेला तो तुकडा घेऊन आले.

"हे त्याच ओंडक्याचं लाकूड," मी म्हणाले. "हा तुकडा मी रोज हाताळते, सगळ्या दिवसांत. बघा, सरळ आहे. तुमचं सवचं पाणी तेवढं याला लागलेलं नाही."

कोणीतरी हसू दाबले. काकांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"ऐका. कॉलेजात हेच शिकवतात," ते म्हणाले. "आता सगळा तंबोराच सवला न्यायला हवा."

मी वडिलांकडे पाहिले. त्यांनी स्वतः विज्ञानाची पुस्तके मला आणून दिली होती. एक वाक्य पुरले असते. ते म्हणाले, "थोरल्यांशी वाद घालू नकोस, बाळ. आत जा."

त्या वाक्याची चीड मला काकांच्या सगळ्या बोलण्याहून अधिक आली. काकांना ठाऊक नव्हते, वडिलांना होते.

सुट्टी संपली. पुण्याला निघताना माझी वळकटी गाडीत ठेवत वडिलांनी विचारले, "तंबोरा नेत नाहीस?"

"दांडी सरळ झाली की पाठवा," मी म्हणाले.

ती होणार नाही हे आम्हां दोघांनाही माहीत होते. ते म्हणाले, "हो."