हळदीच्या मांडवात संपलेली ‘सूरपालवी’

आमच्या गोटीरामइतका रिकामा माणूस रबाळ्यापासून बेलापूरपर्यंतच्या खाडीकाठाला दुसरा झाला नाही. हे मी रागाने लिहीत नाही, मोठ्या आनंदाने लिहितो आहे. माझा तो चुलतभाऊ. दोघांची घरं एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत सामाईक. त्यामुळे त्याचा मूर्खपणा मला आयुष्यभर फुकटात आणि पहिल्या रांगेतून बघायला मिळाला.

शहर वसवायला आमच्या जमिनी गेल्या. भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली, मोबदला आला. कोणी घर बांधलं, कोणी टेम्पो घेऊन कारखान्यांना माल पोचवायला लागला. गोटीरामने टीव्ही घेतला. चार पायांवर उभी राहणारी लाकडी पेटी, पुढे सरकतं दार, दाराला कुलूप. घराच्या दाराला कुलूप नव्हतं, पेटीला होतं! कौलांवर अँटेना लावली, तिचं तोंड खाडीपलीकडे मुंबईला. तिच्यावर कावळा बसला की ती फिरायची. मग गोटीराम कौलांवर आणि त्याची बायको विमलबाई खाली दारात.

“आला काय?”

“नाय! मुंग्याच हायत!”

“आता?”

“आता बाईचा डोका आला. धड नाय आला!”

त्या बाईच्या डोक्यासाठी त्याने माझ्या बाजूचीही कौलं फोडली.

ते डोकं होतं ‘सूरपालवी’ नावाच्या कार्यक्रमाच्या निवेदिकेचं. दर गुरुवारी संध्याकाळी मराठी गाण्यांचा हा कार्यक्रम लागायचा. एक पेटीवाला, एक तबलजी, मागे पुठ्ठ्याची वेल आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. कधी गाणारा, कधी गाणारी. निवेदिका मान वाकडी करून हसायची आणि शेवटी प्रेक्षकांची पत्रं वाचायची. सगळं गाव गोटीरामच्या ओटीवर बसून बघायचं. मीही बघितलं आहे. गाणी सुरुवातीला बरी असायची, खोटं कशाला बोलू.

एकदा त्या बाईने पत्रांत नाव घेतलं, “गोटीराम भोईर, जिल्हा ठाणे.” झालं! त्या दिवसापासून गोटीरामची मान वाकडी झाली, ती त्या बाईसारखीच. मिठागरात उन्हाने रापलेला, पायाला भेगा पडलेला हा माणूस बैलाला पाणी दाखवतानाही मान वाकडी करून हसायला लागला. बैल बिचारा बिचकायचा. पुढे त्याने बैल विकला. माझं म्हणणं, बैलच कंटाळला होता.

गुरुवारी संध्याकाळी गोटीराम जन्मालाही जात नसे आणि मरणालाही. आमचे शिवरामकाका गुरुवारीच गेले. सगळं गाव जमलं, बांबू आले, मडकं आलं, सख्ख्या पुतण्याचा पत्ता नाही. आम्ही तिरडी उचलणार तेवढ्यात हा आला. मला वाटलं, आता गळा काढील. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “दादूस, शेवटचा गाना काय झाला रं!” मी काकांच्या तिरडीखाली होतो म्हणून, नाहीतर त्याला तिथेच पाडला असता.

पण त्या कार्यक्रमाचे दिवस भरत आले होते. कोणाला दिसत नव्हतं असं नाही, फक्त गोटीरामला दिसत नव्हतं. आधी पेटीवाला गेला आणि त्याच्या जागी टेप आली. गाणारी तोंड मिटून बसायची आणि गाणं चालूच. मग रंगीत टीव्ही आला. गोटीरामने तोही घेतला. रंगात कळलं की प्लास्टिकची फुलं जांभळी आहेत आणि निवेदिकेचे केस लाल. तिचं वय वाढत गेलं तशी पावडर वाढत गेली. गाणी मात्र तीच, तोच गायक, त्याच्या अंगावर तोच झब्बा, खांद्याला तोच डाग. मग साबणाच्या जाहिराती आल्या, मग मालिका आल्या. ‘सूरपालवी’ अर्धी झाली. क्रिकेट असलं की ती नाही, कोणाचं भाषण असलं की ती नाही. लोकांनी आपापले टीव्ही घेतले, ओटी रिकामी झाली. गोटीराम एकटा पेटीसमोर मान वाकडी करून. गावात त्याला कोणी ‘पालवीबाई’ म्हटलं की तो रागवायचा नाही, खूश व्हायचा! अशा माणसाचं काय करायचं?

तर शहाऐंशी साली त्याच्या मुलीचं, काशीचं लग्न ठरलं. पोरगी मोठी गुणाची. आईवर गेली होती हे तिचं नशीब. सोयरे तळोज्याकडचे, मानापानाचे कडक.

आता आमच्याकडचं लग्न म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे ब्राह्मणाआधी धवलारीन लागते. ही गावातली जाणती बाई. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला तिने धवला गायचा असतो, म्हणजे लग्नाचं गाणं. त्या गाण्यात ती गावदेवीला बोलावते, खाडीतल्या देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हळदीला बोलावते. नाव आलं की यजमानाने त्या माणसासाठी चिमूटभर तांदूळ पाटावर ठेवायचे. म्हणजे पूर्वज येऊन बसले. ते बसल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. लावली तरी ती लागली असं कोणी मानत नाही. नाव घेणं महत्त्वाचं. आमच्या गावची धवलारीन शेवंताबाई. गोटीरामची स्वतःची हळद तिनेच गायली होती.

आणि या गोटीरामने काय करावं? ‘सूरपालवी’त सांगितलं होतं की पुढच्या महिन्यात एका गुरुवारी लग्नगीतांचा खास कार्यक्रम. याने हळद त्याच गुरुवारी धरली. आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून त्या निवेदिकेला पत्र धाडलं. आणि लग्नाचं आवतण म्हणून सुपारी द्यायच्या दिवशी शेवंताबाईच्या दारात जाऊन सांगून आला, “काकी, या वेळेला तुमी हळदीला जेवायला या. गायला टीवी हाय.”

मी त्याला म्हटलं, “अरे, आपल्या आजीला टीव्हीतली बाई कशी बोलावणार?”

“का? नाव घेतला की झाला. माजा नाव घेतला तेवा अख्ख्या महाराष्ट्रात गेला. शेवंताकाकीचा आवाज विहिरीपरयंत जात नाय. आजीला कुठला बरा ऐकू येईल, तू सांग!”

मी कौलांवरच्या अँटेनाकडे बघितलं आणि घरी आलो. मूर्खाशी कोण वाद घालणार!

गुरुवार आला. मांडवात पाट मांडला, काशी बसली, हळदीची वाटी भरली. समोर टेबलावर टीव्ही, त्याला झेंडूचा हार. वाजंत्री सांगितली नव्हती, टीव्हीच्या आड येईल म्हणून. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांच्यातली मोठी नवऱ्याची आत्या, मुक्ताबाई. तिने मांडवभर नजर फिरवली.

“धवलारीन कुठं हाय?”

गोटीरामने मान वाकडी करून टीव्हीकडे बोट दाखवलं.

“ही?”

“येतेय, येतेय. बातम्या झाल्या की येतेय.”

बातम्या झाल्या. गोटीराम तांदळाचं ताट घेऊन पाटाशी बसला. पडद्यावर एक नवीनच मुलगी आली आणि म्हणाली की ‘सूरपालवी’ हा कार्यक्रम यापुढे दाखवला जाणार नाही. का, कशासाठी, काही नाही. निरोप नाही, नमस्कार नाही. इतकी वर्षं मान वाकडी करणारी ती बाईही आली नाही. त्याऐवजी बघा, माहितीपट, कोंबड्यांचे रोग.

पडद्यावर एका माणसाने कोंबडीची चोच फाकवली आणि घशात विजेरी मारली. काशी हळदीच्या पाटावर बसून कोंबडीचा घसा बघते आहे. मला हसू आवरेना, मी उपरणं तोंडात कोंबलं.

मुक्ताबाई उठली. “वयनी,” ती विमलबाईला म्हणाली, “ही हळद आमी परत नेतो. कोंबडीच्या घशापुढं मांडलेली हळद आमच्या घरात चालनार नाय.”

हळद परत जाणं म्हणजे लग्न परत जाणं. काशीने मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती. बापाला म्हणाली, “बाबा, टीवीला माझ्या हळदीचा सांगितलात, तसा आता काकीला सांगा. तुमीच जावा. दुसऱ्या कोनाला धाडलात तर मी पाटावरून उठनार नाय आनि हळदबी लावून घेनार नाय.”

गोटीराम उठला. मी बरोबर गेलो. मदतीला नव्हे, बघायला.

शेवंताबाई दारात बसून खाडीतले निवटे मासे साफ करत होती. वर न बघता म्हणाली, “झाला काय टीवीचा गाऊन?”

“काकी, चला. कार्यक्रम बंद झाला.”

“आज बंद झाला?”

“कायमचाच.”

“अरेरे. आजारी व्हता काय?”

“काकी, थट्टा नका करू. पोर पाटावर बसली हाय.”

“पोर बसली हाय म्हनून येतेय, तुज्यासाठी नाय. पन धवलारीन वाजतगाजत जाते. वाजंत्री कुठं हाय?”

गोटीराम माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे. शेवंताबाईने हात धुतले, लुगडं बदललं, केसांत फूल घातलं, काही घाई नाही. मग घरातली पितळेची थाळी आणि पळी गोटीरामच्या हातात दिली.

“वाजव. आनि मान सरळ कर.”

तिच्या दारापासून मांडवापर्यंत अख्ख्या गावातून गोटीराम थाळी बडवत पुढे आणि शेवंताबाई आपल्या चालीने मागे. बायका दारात, माणसं पारावर. “पालवीबाई, नवीन वाद्य काय?” असं पिठाच्या गिरणीवाला अरविंद दारातून ओरडला. मुक्ताबाई मांडवाच्या तोंडाशी हळदीचं ताट घेऊन उभी होती. थाळी ऐकून ती मागे फिरली आणि खाली बसली. तेव्हा विमलबाईच्या जिवात जीव आला.

शेवंताबाईने टीव्ही बंद करायला लावला. हार तसाच ठेवला, वरून पांढरी चादर घातली. मग काशीच्या पाटाशी बसून धवला धरला. आवाज फाटका, पण मांडव भरला. गावदेवी आली, खाडीतले देव आले. आमची आजी आली, रखमा. आजोबा आले. शिवरामकाका आले. गोटीराम एकेक चिमूट तांदूळ पाटावर ठेवत होता, मान सरळ, चेहरा दगडाचा. नावं संपली. शेवंताबाईने दम घेतला, चादरीकडे बघितलं आणि त्याच चालीवर पुढे ओळ जोडली:

“या गो सूरपालवीबाई, आजच मेलात, तुमीबी या हळदीला!”

मांडव असा हसला की खांब हलले. तळोज्याच्या बायकाही हसल्या, मुक्ताबाईने पदर तोंडाला लावला. पण धवल्यात नाव आलं की आलं, तांदूळ ठेवावेच लागतात. गोटीराम उठला, टीव्हीपाशी गेला आणि चादरीपुढे चिमूटभर तांदूळ ठेवले. आणि तुम्हाला सांगतो, आजीच्या नावाला नाही, शिवरामकाकांच्या नावाला नाही, तिथे त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हणतो ना, असा माणूस झाला नाही.

काशीला हळद लागली. ती आज तळोज्याला नातवंडं खेळवते आणि धवलेही गाते, शेवंताबाईकडून शिकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात गेलो तर गोटीरामचीच एक कोंबडी टीव्हीपुढचे तांदूळ टिपत होती. घसा तिचा ठणठणीत होता.