कॅरॅव्हॅनमधला ग्रॅनाइटचा ओटा

धर्मकाट्यावरच्या माणसाने गाडीच्या वजनाचा आकडा वाचून दाखवला आणि जगताप काका म्हणाले, काटा खराब आहे.

काटेवाला चिडला नाही. "बाबूजी, आधे सांवेर का सोयाबीन यहीं तुलता है," एवढंच म्हणाला आणि पुढच्या ट्रकला हात केला. आम्ही काट्यावरून उतरलो. म्हणजे काकांची जीप उतरली आणि तिच्यामागे जोडलेली कॅरॅव्हॅन कुरकुरत उतरली. तो आवाज मला अजिबात आवडला नाही.

माझं नाव मीनल. मी गाड्यांच्या बॉड्या बांधते. पीथमपूरला एका बस-बॉडीच्या कारखान्यात बरीच वर्षं नोकरी केली, आता इंदूरला सांवेर रोडच्या इंडस्ट्रियल एरियात स्वतःची शेड आहे. शाळेच्या बस, फिरते दवाखाने, मधूनच एखादी आइस्क्रीमची गाडी, अशी कामं येतात. कॅरॅव्हॅन मात्र आयुष्यात ही पहिलीच. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. हिला स्वतःचं इंजिन नसतं. जीपच्या मागे हुकाला अडकवायची आणि ओढत न्यायची.

ही कोणा बांधकाम कंपनीने साइटवरच्या इंजिनिअरसाठी घेतलेली होती. नंतर कृष्णपुऱ्याजवळ एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या गोदामामागे पडून होती. छत गळत होतं, फ्लोअरचं प्लाय सडून पाव झालं होतं, आणि आत कबुतरांनी संसार थाटला होता. काकांनी ती स्वस्तात उचलली. कागदपत्रं धड होती, चॅसी पण धड होती. मी बघून सांगितलं, होईल.

काका सिंचन खात्यातून रिटायर झालेले. घराणं होळकरांच्या फौजेतलं, आणि आवाजावरून ते अजून कळतं. बजेट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते खरंच थोडं होतं. मग आम्ही काम वाटून घेतलं. चॅसी, ब्रेक, फ्लोअर, छत, वायरिंग आणि संडासची केबिन माझ्याकडे. आतलं फर्निचर ते घरी त्यांच्या मिस्त्रीकडून करून घेणार. मी बजावलं होतं की सगळं हलकं करा. काका म्हणाले, "मीनलजी, फिकर नका करू."

हा सगळा खटाटोप सुलभाकाकूंसाठी होता. काकूंना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतात, चालताना पाऊल मध्येच जमिनीला चिकटल्यासारखं थांबतं. शिवाय वरचेवर संडासला जावं लागतं, आणि लागलं की थांबता येत नाही. त्यामुळे त्यांनी गावाला जाणंच सोडलं होतं. विजय नगरच्या डॉक्टरांकडे जायचं आणि घरी यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. त्यांचे थोरले भाऊ मंडलेश्वरला असतात, नर्मदेच्या काठी. भावाला आता घराबाहेर पडता येत नाही आणि बहिणीला प्रवास झेपत नाही. इंदूरहून काही तासांचा रस्ता, पण दोघं कित्येक वर्षांत भेटलेली नव्हती. रोज फोन व्हायचा. काका मला म्हणाले होते की हल्ली फोनवर दोघंही बोलत कमी आणि रडत जास्त असतात.

तर काट्यावरून गाडी शेडमध्ये आणली आणि मी दार उघडलं.

आत मागच्या भिंतीला ग्रॅनाइटचा ओटा होता. खरा ग्रॅनाइट, काळा, पॉलिश मारलेला, खाली विटांऐवजी लोखंडी अँगल. त्याच्या शेजारी सागवानी कपाट, आरशाचं. समोर पाहुण्यांसाठी लांब बाक, त्याच्या पोटात पितळेची भांडी आणि पोह्यांचं मोठं पातेलं. कोपऱ्यात पाटा-वरवंटा. मी विचारलं, हा पाटा कशासाठी?

"तिची चटणी मिक्सरवर जमत नाही," काका म्हणाले. "आणि यातलं काहीच विकत नाही घेतलं हं. घराचं किचन नवीन केलं, तेव्हाचा ओटा पडलेला होता. कपाट तिच्या माहेरचं. सब घर का है. मतलब तुमच्या बजेटला धक्काच नाही."

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक ट्रेलरच्या चॅसीवर एक पत्र्याची पाटी असते. एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, किती वजन झेलेल ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आपलं वजन त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. पण त्याहून वाईट होतं ते वजन कुठे आहे हे. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, पुढची बाजू वर उचलली जाते. कॅरॅव्हॅनचंही तसंच. मागे जड आणि पुढे हुकावर हलकी झाली, की वेगात ती शेपूट हलवायला लागते. सपाट रस्त्यावर एखादा सावरेल. मंडलेश्वरला जायला मात्र घाट उतरावा लागतो, आणि उतारावर मागची गाडी झुलायला लागली तर ती जीपलाही सोबत घेऊन जाते.

हे सगळं मी काकांना समजावलं. सिंचन खात्यातल्या माणसाला वजन आणि तोल समजत नाही असं नाही. पण त्यांनी हाताची घडी घातली आणि म्हणाले, चालवून बघू.

सलीम भिया माझे फॅब्रिकेटर; इंदूरकडे भैयाला भिया म्हणतात. वेल्डिंगपासून ट्रायलपर्यंत सगळं करतात. त्यांनी जीप घेतली, मी शेजारी, काका मागे. सांवेरच्या बाजूला मोकळा रस्ता मिळाला. सुरुवातीला ठीक होतं. थोडा वेग घेतला आणि मला पाठीमागून कोणी तरी जीप डावी-उजवीकडे ढकलतंय असं वाटायला लागलं. आधी हळू, मग जोरात. सलीम भियांनी ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी आपोआप मंदावू दिली. झुलत्या ट्रेलरला असंच सावरतात. समोरून ट्रॅक्टर येत होता, तो बाजूने निघून गेला.

"दीदी, पीछे से मार रही है," सलीम भिया म्हणाले. "घाट में नहीं जाएगी ये."

काकांनी उपाय सुचवला. पुढे हुकाजवळ सिमेंटच्या गोण्या ठेवू, तोल जुळेल. मी म्हटलं, तोल जुळेल आणि एक्सल तुटेल. ओटा, कपाट आणि बाक काढावे लागतील.

यावर मात्र ते चिडले. काकू घर सोडायला घाबरतात, बाहेर गेलं की कावऱ्याबावऱ्या होतात. आत शिरल्यावर स्वतःच्या घरात आल्यासारखं वाटलं तरच त्या निघतील. ते सगळं काढून पत्र्याचा डबा करायचा असेल तर ॲम्ब्युलन्सच का नाही बोलवायची, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ही गाडी अशी घाटात मी पाठवणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे, दुसरा कोणी पाठवेल.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला आणि कौतुकही वाटलं. पाटा-वरवंटा उचलून गाडीत ठेवताना त्या माणसाच्या मनात बायकोची चटणी होती. आमच्या कोष्टकात हे बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कॅरॅव्हॅन न्यायला आले. सोबत काकू होत्या. काका आणि सलीम भिया हुक जोडण्यावरून हुज्जत घालत बसले. उन्हात जीपमध्ये काकू ताटकळत होत्या, म्हणून मी त्यांना हात देऊन कॅरॅव्हॅनमध्ये आणून बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. त्यांनी ग्लास ओठाला लावला, ओठ ओले केले आणि खाली ठेवला.

हे मला ओळखता येतं. कारखान्यात बायकांसाठी संडास नव्हता तेव्हा मीही दिवसभर अशीच पाणी प्यायचे. घरून निघालेली बाई वाटेत पाणी का पीत नाही, हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. पण इथे तर काकू संडासापासून चार पावलांवर बसल्या होत्या. त्या एका गोष्टीसाठी ही गाडी बनवली होती.

"काकू, केबिन आहे ना इथेच," मी म्हटलं. "प्या बिनधास्त."

त्यांनी आधी बाहेर बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "आत जाता येतं गं. पण वळता येत नाही. पाय अडकतात. कोणी धरायला हवं, तर दुसऱ्याला उभं राहायला जागा नाही. दार उघडं ठेवावं, तर समोर हा पाहुण्यांचा बाक."

केबिन मी बांधली होती, मोजून. पण शेजारी कपाट बसावं म्हणून काकांच्या मिस्त्रीने तिची भिंत आत सरकवली होती, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी काकूंना विचारलं, काकांना बोललात का? त्या म्हणाल्या, इतक्या हौसेनं करतायत, कसं सांगू.

आणि हा ओटा? मी विचारलं.

काकू हसल्या. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावर हसू कमी उमटतं, पण डोळ्यांत दिसलं. "घरातून तो निघाला तेव्हा मी म्हटलं, सुटले बाई. तर हे त्याला चाकं लावून माझ्यामागे घेऊन आले."

मला आता एक सोपी पळवाट होती. वजनाचं कारण पुढे करून कपाट काढायचं आणि केबिन गुपचूप रुंद करायची. तसंच करायचं ठरवून मी खाली उतरले आणि काकांना पुन्हा वजनाचं सांगायला लागले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. सलीम भियांना म्हणाले, भिया, तुम्ही हुक लावा.

तेवढ्यात दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. चौकटीला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मला दादाकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "ओट्याला कुठे जायचंय?"

काका वळले. "अगं, तुझ्यासाठीच तर..."

"आत जा. दार लावा. आणि वळून दाखवा."

काका आत गेले. केबिनचं दार लागल्याचा आवाज आला, मग कोपर आपटल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढंच विचारलं होतंत, ओटा पॉलिश मारून लावू की तसाच लावू. मी म्हटलं, पॉलिश मारलेला चांगला."

काका पायरीवर बसले. काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर होता, थरथरत. मी सलीम भियांना खूण केली आणि आम्ही दोघं चहाच्या निमित्ताने शेडच्या दुसऱ्या टोकाला गेलो. परत आलो तेव्हा काका पाना घेऊन ओट्याचे बोल्ट सोडवत होते.

पुढचं काम सरळ होतं. ओटा, कपाट, बाक आणि पाटा परत घरी गेले. कपाटाची जागा केबिनला दिली, दोन माणसं उभी राहतील इतकी. आतल्या भिंती ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर हलक्या पॅनेलच्या केल्या. सेक्शन एका मोडीत निघालेल्या शाळेच्या बसचे. धरायचे दांडेही त्याच बसचे. ते कुठे लावायचे हे काकूंनी ठरवलं. त्यांना आत उभं केलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि हात जिथे आपोआप गेला तिथे सलीम भियांनी खडूने खूण केली. पाण्याची टाकी बरोबर एक्सलच्या वर. स्वयंपाकाला एक शेगडी आणि भिंतीला दुमडणारी फळी. उरलेल्या जागेत एक पलंग, आणि बाकी मोकळं. ती मोकळी जागा काकांना शेवटपर्यंत खुपत होती. इथे निदान एक खुर्ची तरी ठेवू, पाहुणा आला तर बसेल कुठे, हे त्यांनी मला अनेकदा विचारलं.

काट्यावर पुन्हा नेली. या वेळी काटा बरोबर निघाला. सांवेरच्या रस्त्यावर गाडी सरळ चालली.

ते मंडलेश्वरला निघाले त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी काकांचा फोन आला. घाट आरामात उतरला, म्हणाले. पण भावाच्या घराला ओसरीपर्यंत चढायला उंच पायऱ्या आहेत, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. काकू चढू शकल्या नाहीत. वरून भाऊ उतरू शकत नव्हते. दोघं एकमेकांना बघत होती, एक वर आणि एक खाली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, भाच्यांनी दादांना त्यांच्या व्हीलचेअरसकट उचलून खाली आणलं. आणि सरळ कॅरॅव्हॅनमध्ये नेऊन ठेवलं." काकांचा तो फौजी आवाज आता बसला होता. "खुर्ची आत मावली, मीनलजी. पलंगाला लागून उभी राहिली. तेव्हापासून दोघं आतच आहेत. दार लावून घेतलंय. मी बाहेर ओसरीवर बसलोय."

मी विचारलं, रडतायत का? काका म्हणाले, नाही, भांडतायत. लहानपणचं काही तरी.

हल्ली नवं काम आलं की मी आधी विचारते, यात बसणार कोण. त्या माणसाला आत बसवते आणि दार लावायला सांगते. टेप त्यानंतर काढते.