आबांच्या टेम्पोचं पासिंग

आबांना थांबायला मी सांगितलं होतं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढं लिहिता लिहिता ते मी कुणाच्या तरी गळ्यात घालीन. मला तशी सवय आहे.

आबा म्हणजे माझे वडील. धरणाकाठच्या डाळजला राहतात. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. आबांनी ती कमी करत आणली आणि टेम्पो घेतला. धरणातली चिलापी मासळी बर्फात घालून रोज सकाळी इंदापूरच्या बाजारात पोचवायची, एवढंच त्यांचं काम, पण त्यात त्यांचा जीव होता. मी थोरली. लग्न होऊन पिंपळीला आले आणि बारामतीत एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. माहेरचा कुठलाही कागद आला की फोन मलाच. आबांना सहीपलीकडं लिहिता येत नाही, म्हणून माझा तोरा जरा जास्तच.

गाडी रस्त्यावर चालवायला धड आहे, असं आरटीओकडून तपासून घ्यायचं, त्याला सगळे पासिंग म्हणतात. आमच्याकडं त्याची तयारी सणासारखी चालायची. आदल्या दिवशी आबा टेम्पो घासून धुवायचे, माशाचा वास जावा म्हणून हौद्यात फिनेल ओतायचे आणि शेजारच्या तात्यांचे दोन बरे टायर मागून आणून चढवायचे. पासिंग झालं की संध्याकाळी टायर परत. तात्यांच्या पासिंगला आमचा वायपर जायचा. यात लबाडी आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. फी इतकी किरकोळ असायची की ती भरल्याचंही कुणाला आठवायचं नाही.

मग जुन्या गाड्यांची फी वाढली. थोडीथोडकी नाही, मोबाईलवर आकडा बघून माझं डोकंच फिरलं. ऐन उन्हाळ्यात आबांचं पासिंग आलं होतं. एका ग्रुपवर वाचलं, की टेम्पोवाल्यांचं आंदोलन चाललंय, फी कमी होणार. झालं, मला तेवढंच पुरलं. फोन करून म्हटलं, "आबा, भरू नका. महिना-दोन महिने थांबा. गाडी घरी उभी करा."

"किती दिस थांबायचं?" आबांनी विचारलं.

"कमी झाली की मी सांगते."

"तू म्हणतीस तर थांबतो," म्हणाले आणि टेम्पो लिंबाखाली लावला. पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर काढायला ते घाबरत. आयुष्यात एकदाही पोलिसानं अडवलं नाही, याचा त्यांना फार अभिमान.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "झाली का गं कमी?" मी म्हणायचे, होईल. पावसाळा लागला. माशाचे व्यापारी किती दिवस वाट बघणार? त्यांनी दुसरा टेम्पो लावला. आई म्हणायची, हे सकाळी उठतात, चहा पितात आणि टेम्पोत जाऊन बसतात, किल्ली न लावता. ते ऐकून मला आईचाच राग यायचा. मला कशाला सांगते, असं वाटायचं.

दिवाळी झाली तरी फी कमी झाली नाही. शेवटी आबाच म्हणाले, "भरून टाक. माझ्यानं बसवत न्हाय." मी शाळेत जेवणाच्या सुट्टीत फॉर्म भरायला घेतला आणि आकडा बघून हातातला घास तसाच राहिला. उन्हाळ्यातल्या फीच्या दुपटीहून जास्त होता. गाडीचं वय ठराविक वर्षांच्या पुढं गेलं की फीचा वरचा टप्पा लागतो, आणि आमच्या टेम्पोचं वय मधल्या महिन्यांत ती हद्द ओलांडून गेलं होतं. उन्हाळ्यात भरली असती तर खालच्याच टप्प्यात झालं असतं. तो तक्ता तेव्हाही माझ्यासमोर होता. मी वाचला नव्हता. मी, जी दुसऱ्यांचे फॉर्म चुकले म्हणून पालकांना चार-चार हेलपाटे घालायला लावते.

आबांना फोन केला. खरं सांगायचं ठरवूनच केला होता. तोंडातून निघालं, "आबा, सरकारनं परत वाढवली."

ते म्हणाले, "मग तू तरी काय करणार?"

शेवटच्या पाच मेंढ्या राहिल्या होत्या, त्या विकल्या. फी भरली. आबांना उलट धीर आला होता. फीची पावती खिशात घालून टेम्पो बारामतीच्या आरटीओकडं काढला, तेव्हा वाटेत मला म्हणाले, "एवढी फी घेत्यात म्हंजी पास करणारच की. उगं कोण घेईल एवढी?" मी शेजारी बसले होते, खिडकीबाहेर बघत राहिले.

तपासणारा साहेब तरुण होता आणि वागायला चांगला होता. त्याच्यावर चिडायची सोय नव्हती. दिवे बघितले, ब्रेक बघितले. मग वाकून त्यानं चेसीला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो आरपार गेला.

"काका, ही सडलीय. रस्त्यात तुटली तर माणसं मरतील."

"साहेब, फी भरली हाय की पुरी," आबा म्हणाले.

"फी तपासायची असते, काका. पास करायची नसते. चेसी करून आणा, परत फी भरा, परत तपासू."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी कागदातलं काहीतरी काढून साहेबाला गप्प करीन, असं त्यांना वाटलं असावं.

भिगवणच्या फिटरनं खाली झोपून बघितलं. उठून हात पुसत म्हणाला, "बर्फाचं पाणी मुरलेलं होतंच. पण गाडी चालती असती तर पुसपास, रंग झाला असता. लिंबाखाली पाऊसभर उभी राहिली, तितंच गंजानं खाल्ली तिला. आता हिच्यात पैसा घालू नगा." आबा बिडी आणायला पलीकडं गेले होते. त्यांनी हे ऐकलं नाही. मी फिटरला म्हटलं, त्यांना सांगू नका. का सांगू नका, हे त्यानं विचारलं नाही.

टेम्पो इंदापूरच्या भंगारात गेला. आता आबा त्याच दुसऱ्या टेम्पोवर क्रेट चढवायला जातात, स्वतःच्याच जुन्या व्यापाऱ्यांची मासळी, त्याच बाजारात. मालक चांगला आहे म्हणे, कधीमधी पुढं बसू देतो. मला हे ऐकवत नाही. खरं सांगायचं अजून झालेलं नाही, आणि आता होईल असं वाटतही नाही.

मागच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. डाळजचाच माणूस होता, त्याच्या जुन्या गाडीचं पासिंग आलं होतं. म्हणाला, "ताई, फी कमी व्हईल म्हणत्यात. थांबू का?"

"थांबू नका. आजच भरा," मी म्हटलं.

त्याच्यामागून आबांचा आवाज आला. त्याला सांगत होते, "ती म्हणंल तसंच कर. तिला कागदातलं समदं कळतं. आमच्या टेम्पोसाठी लय धडपडली बिचारी."