न पळालेला भाडेकरू

गुन्हेगारीला इतका नालायक माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि खटला झाला तो नेमका त्याच्यावर. आमच्या गच्चीवरच्या खोलीत तो तीन वर्षं भाड्याने राहिला. मूळचा सटाण्याकडचा, नाशकात बीएस्सी करायला आलेला, अंगाने काडी, आणि चष्म्यातून असा रोखून बघणारा की समोरच्याला आपली शर्टाची बटणं नीट लागलीत ना, हे चाचपून बघावंसं वाटे. वडील तिकडे शाळेचे गणवेश शिवतात. घरात कुणी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नव्हतं. तशी आमच्याही घरात मी सोडून कुणी चढलेलं नाही, आणि मी चढलो तो त्याच्याचमुळे.

जगात जे जे लिहिलेलं आहे ते पाळण्यासाठीच लिहिलेलं आहे, अशी त्याची एक समजूत होती. औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवावी’ असं असलं तर हा ती इतकी हलवायचा की खाली आम्हाला वाटे वर काही व्यायाम चालला आहे. मोबाइलवर काही नवीन घ्यायचं तर आपण सगळे खालच्या चौकोनात टिचकी मारून मोकळे होतो. हा त्याच्या वरच्या सगळ्या अटी वाचायचा, त्यातली एखादी न पटल्यास ते घ्यायचाच नाही. आमचा भाडेकरार मी एका ओळखीच्या माणसाकडून तयार आणला होता, तो मी स्वतः आजतागायत वाचलेला नाही. त्यात कुठेतरी, घरमालकाने दर तीन महिन्यांनी खोलीची पाहणी करावी, असं एक कलम होतं. दर तीन महिन्यांनी हा खोली धुऊनपुसून, पलंगावरची चादर ताणून, खाली यायचा आणि दारात उभा राहून म्हणायचा, “काका, पाहणी.” पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. पण तो जाईना. मग मी गुडघे धरत दोन जिने चढलो, भिंतींकडे, पंख्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि “ठीक आहे” म्हटलं. पुढे मला त्याची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटू लागली. करार अकरा महिन्यांचा होता. अकरावा महिना संपला त्या सकाळी मी पेपर आणायला बाहेर पडलो तर हा आपली ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन जिन्यावर बसलेला. काय झालं विचारलं तर म्हणाला, मुदत संपली, आता मी वर राहणं बरोबर नाही, तुम्ही नवीन करार केलात तर वर जातो. तो कागद होईपर्यंत तो चार तास जिन्यावरच बसून होता. आमच्या हिने त्याला तिथेच पोहे नेऊन दिले आणि मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याच्याच जोडीला खरं बोलण्याची सवय. खरं बोलणारी माणसं बहुधा उद्धट असतात. हा तसा नव्हता, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नसे. एका उन्हाळ्यात पाणीकपात चालू होती आणि नळाला पाइप लावून गाड्या धुणाऱ्यांना ताकीद द्यायला महापालिकेचा माणूस गल्लीत हिंडत होता. मी नुकताच पाइप गुंडाळून ठेवला होता. त्याने फाटकाशी उभ्या असलेल्या आमच्या भाडेकरूला विचारलं, इथे गाडी धुतात का? “रोज धुतात,” तो म्हणाला, आणि त्याला वाटलं आपण काकांवर अन्याय करतोय, म्हणून पुढे म्हणाला, “पण टायर धूत नाहीत.” शेजारच्या बाईंनी एकदा मोठ्या हौसेने त्याला आपल्या मुलीचं गाणं ऐकवलं आणि कसं वाटलं ते विचारलं. त्याने बराच विचार केला. बाई वाट बघत होत्या. शेवटी तो म्हणाला, “वेळेवर थांबते.” त्यातल्या त्यात गोड आणि तरीही खरं असं त्याला तेवढंच सापडलं होतं. कॉलेजातही तो दुसऱ्याची हजेरी लावायचा नाही, आणि न आलेल्याला आला म्हणायचा नाही. त्यामुळे तीन वर्षांत त्याच्या खोलीवर एकही मित्र आलेला आम्ही पाहिला नव्हता. हे कलम मात्र करारात नव्हतं.

म्हणून तिसऱ्या वर्षी, एका रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून तो खाली आला आणि वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला गंगापूर धरणाच्या बाजूला कुणाच्या तरी मळ्यावर जायचंय असं म्हणाला, तेव्हा त्याच्यापेक्षा आम्हा दोघांनाच जास्त आनंद झाला. भेट काय न्यावी ते त्याने हिला विचारलं. हिने कपाटातला नवा कोरा जेवणाचा डबा काढून दिला. तो डबा घेऊन तो गेला.

पाच वाजता फोन आला. “काका, मी पोलीस ठाण्यात आहे. घाबरू नका. गुन्हा मी केलाय, त्यांची काही चूक नाही.”

मी गेलो. तो बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, आणि त्याच्या शेजारी तो डबा होता, कारण वाढदिवसवाल्याला देण्याआधीच सगळं झालं होतं. हकिगत मला तिथल्या हवालदाराने सांगितली. मळ्यावर सोळा मुलं होती. जेवणाबरोबर वाइन आणि बिअर होती. कुणीतरी खबर दिली आणि भर दुपारी पथक आलं. आपल्याकडे वाइन असो की बिअर, एकवीस वर्षं पूर्ण लागतात, आणि तिथे ती कुणाचीच झालेली नव्हती. आल्या आल्या साहेबांनी दरडावलं, “कुणी जागचं हलायचं नाही.” पंधरा मुलं त्या क्षणी कुंपण ओलांडून टोमॅटोच्या शेतातून पसार झाली. आमचा भाडेकरू हलला नाही.

“साहेब, माझी एवढी नोकरी झाली,” हवालदार मला म्हणाला, “पण हलू नका म्हटल्यावर खरंच न हललेला मानूस पहिल्यांदा बघितला. लय येगळं पोरगं हाय तुमचं.”

माझं नाही, भाडेकरू आहे, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही.

तोवर त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेऊन झालं होतं. किती प्यायलास या प्रश्नावर त्याने, एक ग्लास पूर्ण आणि दुसऱ्यातला एक तृतीयांश, असं सांगितलं होतं. पळालेल्यांची नावं विचारली तेव्हा मात्र गाडी अडली. हवालदाराला त्याची कीव आली असावी, त्याने स्वतःच सुचवलं की नावं माहीत नाहीत म्हण आणि मोकळा हो. त्यावर याने जे उत्तर दिलं ते तिथे सगळ्यांना पाठ झालं होतं. “नावं माहीत आहेत. पण सांगणार नाही.” असं उत्तर देणाऱ्याचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी जामिनाच्या कागदावर माझी सही घेऊन त्यांनी आम्हाला सोडलं.

रिक्षात मी त्याच्यावर चिडलो. इतके नियम पाळतोस, बाटलीवरची अक्षरंही वाचतोस, मग हे कशाला तोंडाला लावलंस, असं विचारलं. तो रस्त्याकडे बघत राहिला. कॉलेज रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाला, “त्यांनी मला पहिल्यांदाच बोलावलं होतं, काका.” आणि थोड्या वेळाने, मी काही न विचारताच, म्हणाला, “चव वाईट होती.”

घरी येताच त्याने वडिलांना फोन केला. उद्यापरवा सांगू, आधी वकिलाला विचारू, असं मी म्हणत होतो, पण त्याला ते दोन दिवस लपवल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वडील आले. उंच, वाकलेले, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिलेली. घाईत काढायची विसरले असावेत. आमच्या दिवाणखान्यात ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी मुलाच्या बाजूने बोलण्यासाठी चार वाक्यं तयार करून ठेवली होती: वय असतं, संगत असते, हल्लीची पिढी, वगैरे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“खरं शे का?” त्यांनी मुलाला विचारलं.

“हा. खरं शे.”

ते टेपचं एक टोक बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत होते. मग म्हणाले, “जेवन झायं का तुनं?”

त्यानंतर मी माझी चार वाक्यं बोललो नाही.

पुढचे काही महिने वाईट गेले. कॉलेजने लेखी खुलासा मागितला, तो याने इतका पूर्ण लिहून दिला की प्राचार्यांना त्यात विचारायला काही उरलं नाही, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत वर्तणुकीचा दाखला मिळणार नाही असं त्यांनी कळवलं. कॉलेजात मुलाखती घ्यायला आलेल्या एका कंपनीने त्याला निवडलं होतं. त्यांच्या अर्जात, आपल्यावर कधी खटला झाला आहे काय, असा एक रकाना होता. त्यात बहुतेक जण आडवी रेघ मारतात. याने ‘होय, सोबत जोडलेले पान पाहावे’ असं लिहिलं. कंपनीने ते पान पाहिलं आणि पुन्हा फोन केला नाही. ते पंधरा जण वर्गात त्याच्यापासून दोन बाकं दूर बसू लागले. आपली नावं हा सांगेल अशी त्यांना भीती होती, की सांगितली नाहीत याची लाज होती, कुणास ठाऊक.

वकील म्हणून मी माझ्या एका वर्गमित्राला गाठलं. त्याने आरोपपत्र वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. लिहिणाऱ्याने जन्मसाल चुकवलं होतं. त्या हिशेबाने आमचा भाडेकरू त्या दिवशी एकवीस ओलांडलेला ठरत होता. शिवाय वाइनच्या जागी बिअर लिहिली होती. वयाचा मुद्दा गेला की यांच्या हातात उरतंच काय, बाकीचं मी बघतो, असं म्हणून त्याने आमच्या भाडेकरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला एकच सल्ला दिला: गप्प राहायचं. तोंड उघडायचं ते फक्त ‘गुन्हा कबूल नाही’ एवढ्यापुरतं. त्याने मान हलवली. ती मान होकाराची नव्हती, ऐकल्याची होती, हे मला ओळखता यायला हवं होतं.

न्यायाधीश मध्यमवयीन बाई होत्या. त्यांच्यापुढे त्या दिवशी फायलींचा ढीग होता. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि नेहमीच्या सुरात, गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं.

“कबूल आहे,” तो म्हणाला. “पण कागदावर दोन चुका आहेत.”

माझ्या वर्गमित्राने दुसऱ्याच कुठल्या तरी अशिलाची फाइल उघडून वाचायला सुरुवात केली. बाईंनी चष्मा काढला. याने सांगितलं की ती बिअर नव्हती, वाइन होती, आणि त्या दिवशी आपलं वय वीस वर्षं आठ महिने होतं.

“ही दुसरी चूक दुरुस्त केली तर तुझंच नुकसान आहे. वकिलांनी सांगितलंय ना?”

“हो मॅडम. त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं.”

“मग?”

“पण जन्मतारीख माझी आहे,” तो म्हणाला.

कोर्टात मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाई बराच वेळ खाली बघत काहीतरी लिहीत होत्या. मग त्यांनी पहिलाच गुन्हा, वय आणि सरळ कबुली लक्षात घेऊन शिक्षा न देता, एक वर्ष चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडत असल्याचं सांगितलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच हा पुन्हा उभा राहिला आणि त्याने अत्यंत आदराने विचारलं की चांगली वर्तणूक म्हणजे नेमकं काय काय.

“आहे तशीच,” बाई म्हणाल्या. “पुढचं प्रकरण.”

बाहेर आवारातल्या लिंबाखाली चार मुलं उभी होती. एकाने पुढे येऊन याचा हात हातात घेतला. नंतर कळलं की वाढदिवस त्याचाच होता. आमच्या भाडेकरूचा चेहरा असा फुलला की मी तीन वर्षांत तसा पाहिला नव्हता. “काका,” तो म्हणाला, “हे माझे मित्र. हा—” आणि तेवढ्यात त्याला दोन हातांच्या अंतरावर चहा पीत उभा असलेला तो हवालदार दिसला. “नावं घरी गेल्यावर सांगतो,” तो म्हणाला. हवालदाराने पाठ वळवून चहा संपवला.

आता तो सिन्नरला, मसाले आणि लोणची बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. त्यांच्या अर्जातही तोच रकाना होता आणि याने तेच पान जोडलं होतं. मुलाखत घेणाऱ्या म्हाताऱ्या मालकाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, माल खराब निघाला तर मला तोंडावर सांगशील का? त्याच्या होकारावर शंका घेण्याचं काही कारण नव्हतं. पहिल्याच महिन्यात याने लोणच्याचा एक अख्खा घाणा परत पाठवला, असं ऐकतो. त्याच्या जागी आमच्याकडे एक नवा मुलगा आला आहे. चांगला आहे, मनमिळाऊ आहे, मी अधूनमधून जे काही लिहितो ते सगळं त्याला आवडतं, आणि हिचा स्वयंपाक तर फारच.

परवा मी सिन्नरला फोन लावला. “कसा आहेस?” असं विचारलं. या प्रश्नाला आपण सगळे जे उत्तर देतो ते द्यायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा त्याला बराच जास्त लागला. मग तो म्हणाला, “काम चांगलं आहे. मेसचं जेवण ठीक आहे. संध्याकाळी सहा ते साडेसात करमत नाही.” त्या वेळी तो आमच्याकडे खाली येऊन बसायचा. फार काही बोलायचा नाही. चहा घ्यायचा, मी पेपरात काय वाचतोय ते ऐकायचा, आणि मी चुकीचं सांगितलं तर सांगायचा.

“आणि तुम्ही कसे आहात, काका?” त्याने विचारलं.

“मजेत,” मी म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा सव्वासहा झाले होते. ही स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती.

“त्याला तरी खोटं सांगायचं नव्हतंत,” ती म्हणाली.